पाळण्यातला लॅपटॉप

मला दाट मिशी आहे. आवाज असा, की मुकुंदवाडीच्या आमच्या छोट्याशा स्टेशनावर मी शिंकलो तर उभी गाडी शिट्टी झाली समजून निघून जाते. कंपनीच्या बसमध्ये मी ज्या बाजूला बसतो, त्या बाजूच्या टायरात ड्रायव्हर सकाळीच जास्तीची हवा मारून ठेवतो. अशा ह्या दणकट पुरुषाला वाळूजच्या आमच्या कारखान्यात गेटवरच्या पहारेकऱ्यापासून प्लँटहेडपर्यंत सगळे ‘आत्या’ म्हणतात. आणि चेष्टेत नाही हो, सवयीनं! “आत्या, ओळखपत्र दाखवा.” “आत्या, मीटिंगला बोलावलंय.” नव्यानं लागलेल्या पोरांना ते माझं आडनाव वाटतं. गेल्या दिवाळीत मिठाईचा डबा मिळाला, त्याच्यावर छापील अक्षरात ‘श्री. आत्या’ असं होतं.

ह्या सगळ्याला एकच माणूस जबाबदार आहे. त्यांचं नाव मी सांगणार नाही. दुसऱ्यांच्या नावांची त्यांनी इतकी उस्तवार केली, की स्वतःचं नाव कुणी पुकारलं तर ते मागं वळून बघायचे, कोण आलंय म्हणून. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. ते कॉम्प्युटर खात्याचे प्रमुख. खातं म्हणजे ते, आणि मी लागल्यापासून मी.

साहेब बारा महिने स्वेटर घालायचे. मे महिन्यात, जेव्हा आमच्या शहरात डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं, तेव्हासुद्धा. कारण ते सर्व्हर रूममध्ये बसायचे. ती खोली म्हणजे कंपनीचं म्हैसमाळ, आमच्याकडचं थंड हवेचं ठिकाण. यंत्रं तापू नयेत म्हणून तिथं अशी थंडी ठेवलेली, की एकदा मी आत जांभई दिली तर ती अर्ध्यात गोठली, बाहेर येऊन पुरी करावी लागली. साहेब तिथं गळ्यापर्यंत स्वेटर ओढून विचार करत बसायचे. बाहेर आले की चष्म्यावर वाफ धरायची, आणि ती जाईपर्यंत समोर कोण आहे हे न बघताच बोलायला लागायचे. प्लँटहेडला त्यांनी कितीदा तरी सांगितलं असेल, “दोन चहा सांगून या, रावसाहेब.” प्लँटहेड सांगूनही यायचे.

मी तिथं लागलो तो पुण्यात शिकून. थोडीच वर्षं होतो, पण परत आलो तेव्हा आमच्या घराजवळच्या रिक्षावाल्यालाही मी “दादा, आपण इथे थांबाल का?” असं विचारू लागलो होतो. साहेबांनी पहिल्याच दिवशी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“कुठले तुम्ही?”

“मी पुण्याहून आलो आहे.”

“जन्म?”

“मुकुंदवाडी.”

“मग ‘इथं’ म्हण. ‘इथे’ म्हणून बोलायला लागलास तर प्रेसशॉपवाले तुला पाहुणा समजून चहा पाजतील आणि काम कुणी सांगणार नाही.”

तेव्हापासून त्यांनी मला कायम ‘पुणेकर’ म्हटलं. हा त्यांच्या राजवटीतला माझा हलका अपमान होता; जड पुढं आहेत.

आता माझं काम काय होतं ते सांगतो. कंपनीच्या आतल्या आत चालणारी एक वेबसाइट असते. बाहेरच्या जगाला ती दिसत नाही, आणि आतल्यांना ती बघावीशी वाटत नाही. तिला इंट्रानेट म्हणतात. तिच्यावर प्रत्येक खात्यानं स्वतःचा ब्लॉग लिहायचा, आपल्याकडं काय चाललंय ते बाकीच्यांना कळवायचं, असं मुख्य ऑफिसनं ठरवलं होतं. हे ब्लॉग मांडायचे, त्यांना नावं द्यायची, लोकांना लिहितं करायचं, म्हणून मला घेतलेलं. हुद्दा होता अंतर्गत संवाद अधिकारी. माझ्या आईनं शेजारणीला त्याचा अर्थ सांगितला, “कंपनीत आतल्या आत काय बोलायचं ते आमचा ठरवतो.” नोकरी अजून कच्ची होती. ब्लॉग चालले तर पक्की होणार होती.

मग काय! साहेब आजारपणाच्या रजेवर होते, तेवढ्यात मी एका बैठकीत सगळ्या ब्लॉगांची नावं ठरवून टाकली. पुण्यात मला शिकवलं होतं की नावांना एक सूत्र हवं. माझं सूत्र होतं ‘उ’. मेंटेनन्सचा ब्लॉग ‘उन्नती’, पेंटशॉपचा ‘उत्थान’, कॅन्टीनचा ‘उल्हास’, गाड्यांच्या खात्याचा ‘उड्डाण’. आणखी ‘उत्कर्ष’, ‘उन्मेष’, ‘उमंग’, ‘उदय’ वगैरे होतेच. कुणाचा कोणता हे मलाही एका कागदावर बघून सांगावं लागायचं. पण भिंतीवर तक्ता लावला तेव्हा तो इतका देखणा दिसला, की मी त्याच्याजवळ उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतला. आईनं तो देवाशेजारी लावला.

आठवड्याभरात मेंटेनन्सनं त्यांच्या ब्लॉगवर सूचना टाकली, की गुरुवारी पाण्याची टाकी धुणार, नळाला पाणी येणार नाही. सूचना वेळेवर होती, भाषा शुद्ध होती, कारण ती मीच तपासली होती. पण ती होती ‘उन्नती’वर. मेंटेनन्सचा ब्लॉग ‘उत्थान’ आहे अशी अख्ख्या कंपनीची समजूत. त्यावर त्या दिवशी पेंटशॉपच्या क्रिकेट टीमचा विजय होता. गुरुवारी शिफ्ट सुटली, लोक हात धुवायला गेले, आणि साबण लावून झाल्यावर नळ थांबले. काय सांगू! कोपरापर्यंत फेस आलेली सगळी शिफ्ट हात वर करून बाहेर आली. लांबून बघणाऱ्याला वाटलं, कंपनीवर धाड पडली आणि सगळे शरण आले. प्लँटहेडनं तर तोंडाला साबण लावलेला. ते डोळे मिटून, भिंत चाचपत, माझ्या टेबलापर्यंत आले. मी एवढा मोठा तक्ता लावलाय तरी वाचत कसे नाहीत हे लोक, असं मी त्यांना समजावून सांगू लागलो. त्यांचे डोळे मिटलेलेच होते म्हणून मी आज हे लिहायला शिल्लक आहे.

साहेब दुसऱ्या दिवशी कामावर आले. तक्त्यापुढं बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “हे बारसं कुणी केलं?”

“मी, साहेब.”

“आणि नावं कुणाला विचारून?”

“ज्या-त्या खात्यालाच विचारलं. त्यांनाच आवडली ही.”

“तिथंच घाण झाली, पुणेकर. आईबाप नाव ठेवत नसतात. आत्या ठेवते.”

मला वाटलं ताप अजून उतरला नसावा. पण ते शुद्धीवर होते. खुर्ची ओढून बसले आणि मला त्यांचं सगळं शास्त्र सांगितलं. आईबापाला आपलं पोर चक्रवर्ती वाटतं, म्हणून त्यांना नाव सुचतं तेही चक्रवर्ती. आत्या येते सासरहून. ती परक्या दारातून आत येते, म्हणून तिला ठाऊक असतं की ह्या पोराला गल्लीत लोक कशी हाक मारतील. “नाव घरातल्यांसाठी नसतं. दारावर घाईत आलेल्या माणसासाठी असतं. ज्याच्या हाताला साबण लागलाय त्याच्यासाठी.” हे शेवटचं वाक्य त्यांनी पुढं मला इतक्या वेळा ऐकवलं, की मी साबण बदलला, तरी ते आठवायचं थांबलं नाही.

मग त्यांनी नियम काढला. कुठल्याही खात्यानं स्वतःच्या ब्लॉगला नाव द्यायचं नाही. दुसऱ्या खात्यातला एक माणूस आत्या म्हणून यायचा आणि तो नाव ठेवायचा. आणि नुसतं ठेवून पळायचं नाही, तर साग्रसंगीत बारसं करायचं.

साहेबांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी होती. आजोबा पोथी घेऊन गावोगाव जायचे, वडील कचेरीत कारकून झाले, आणि साहेबांनी ह्या दोन्हींतलं काही करायचं नाही म्हणून कॉम्प्युटर घेतला. गारखेड्याच्या त्यांच्या घरी गेलं की काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, तक्रार करायच्या, “गणपतीत आरतीला उभं राहा म्हटलं तर ह्यांचे पाय दुखतात. आणि तिकडं म्हणे खोक्याला पाळणा बांधतात!” ते अक्षरशः खरं होतं. कंपनीत मडगार्ड ठेवायच्या लाकडी खोक्याला पॅकिंगच्या पट्ट्या लावून त्यांनी पाळणा केला होता. तो मीटिंग रूमच्या पंख्याच्या हुकाला टांगायचा. त्यात दुपट्यावर लॅपटॉप. कॅन्टीनमधून उकडलेल्या हरभऱ्यांच्या घुगऱ्या. ज्या खात्याचा ब्लॉग, ती माणसं पाळण्याभोवती. आत्यानं वाकायचं, लॅपटॉपच्या स्पीकरच्या भोकाशी तोंड न्यायचं, ‘कुर्रर्र’ करायचं आणि नाव सांगायचं. आणि ती वाकलेली असतानाच, आपल्याकडच्या रीतीप्रमाणं, बाकीच्यांनी तिच्या पाठीत दणादण धपाटे घालायचे. धपाटे पडल्याशिवाय साहेब नाव टाइप करत नसत. कंपनीतल्या निम्म्या लोकांची अजूनही समजूत आहे की ही तांत्रिक गरज आहे.

नावं काय ठेवली गेली म्हणता? मेंटेनन्सच्या ब्लॉगची आत्या होता सर्जेराव, प्रेसशॉपचा सुपरवायझर. पडेगावच्या पुढचा गडी, वडील अजून मेंढरं राखतात, आणि हा प्रेसवर पोलादी पत्रा असा उचलतो जशी आपण पोळी उलटतो. तो खोक्यात वाकला आणि म्हणाला, “मशीन बंद.” झालं. त्या दिवसापासून मशीन अडलं, पाणी गेलं, लाइट गेली, की लोक थेट ‘मशीन बंद’ उघडू लागले. कॅन्टीनच्या ब्लॉगचं नाव ‘आज काय आहे’. गाड्यांच्या खात्याचं ‘बस कुठं आली’. क्वालिटीवाल्यांना ‘परिपूर्ती’ हवं होतं. डिस्पॅचच्या आत्यानं ठेवलं ‘का परत आलं’. अकाउंट्सवाले तर रुसून बसले, कारण त्यांच्या वाट्याला ‘सही कुणाची’ आलं. साहेब त्यांना म्हणाले, “पोर तुमचं आहे, नाव लोकांचं आहे.” माझा तक्ता उलटा करून त्याच्या पाठीवर ही नवी नावं लिहिली गेली, तीही माझ्याच हातून.

आत्याची जबाबदारी बारशाला संपत नसे. ब्लॉग गप्प पडला तर जाऊन जाब विचारायचा, तोही आत्यानंच. म्हणून एका आत्याला एकच भाचरू, असा कडक नियम. मेंटेनन्सवाले चार दिवस काही लिहीत नाहीत असं दिसलं, की सर्जेराव जेवणाचा डबा घेऊन त्यांच्याच टेबलावर जाऊन बसायचा.

“लिव्हा.”

“अरे सर्ज्या, काम चालूय.”

“चालू द्या की. मी बसतो हितंच. लई वाळलंय भाचरू माझं. तुम्ही लिव्हल्याबिगर मी भाकर मोडत नाय.”

आणि त्याच्या डब्यातल्या ठेच्याचा वास असा, की मेंटेनन्सवाले डोळे पुसत लिहायला बसायचे.

एकदा मुख्य ऑफिसातून एक बडे उपाध्यक्ष आले. नवीन मॉडेलच्या खात्याचा ब्लॉग सुरू व्हायचा होता, तेव्हा साहेबांनी त्यांनाच आत्या केलं. माझी नोकरी पक्की करायचा कागद त्या वेळी ह्याच गृहस्थांच्या बॅगेत, सहीसाठी. मी साहेबांना कोपऱ्यात घेऊन म्हटलं, “धपाट्यांचं तेवढं राहू द्या.” साहेब म्हणाले, “मग नाव लागणार नाही.” उपाध्यक्ष बिचारे कौतुकानं वाकले, कुर्रर्र केलं, आणि सर्जेरावाचा हात पडला. त्यांचा चष्मा घुगऱ्यांत गेला, टाय पाळण्यात गेला, आणि तोंडातून असा आवाज निघाला की लॅपटॉपनं तो नवीन पासवर्ड म्हणून घेतला असावा. मी मनातल्या मनात मुकुंदवाडीला किराणा दुकानही टाकून मोकळा झालो. उपाध्यक्ष हळूहळू सरळ झाले. मान इकडून तिकडं फिरवून बघितली. म्हणाले, “कितीतरी वर्षांनी ही इकडं वळतेय.” त्यांची जुनी मानदुखी गेली! माझ्या कागदावर त्यांनी तिथंच, पाळण्याच्या कडेवर ठेवून, सही केली. त्याच्यावर हरभऱ्याचा डाग आहे, हवा तर दाखवतो.

तर असे सगळ्यांच्या ब्लॉगांची बारशी करणारे साहेब. आणि त्यांचा स्वतःचा ब्लॉग?

होता. आमच्या खात्याचा म्हणून, पण लिहायचे तेच. रोज सकाळी दहाचा चहा व्हायच्या जरा आधी, चारपाच ओळी. ‘तीन नंबरची प्रेस आज खोकतेय. तिची कुणीतरी विचारपूस करा.’ ‘कॅन्टीनचा आजचा शिरा पाहिला. बाथरूमच्या टाइल ह्यावर उत्तम बसतील. पाशाभाईंचं अभिनंदन.’ ‘गेटजवळच्या लिंबावर कावळ्यानं वायरच्या तुकड्यांचं घरटं केलंय. वायर आमच्या खात्याची आहे. वसुली करणार नाही.’ एखादा माणूस रिटायर झाला की त्याच्यावर चार ओळी, आणि एखादं जुनं मशीन भंगारात गेलं की त्याच्यावर सहा. अख्खी कंपनी ते वाचायची. पण त्याला नाव नव्हतं. कॉम्प्युटर कोऱ्या पानाला आपणहून जे नाव देतो, ‘नवीन ब्लॉग’, तेच वर्षानुवर्षं माथ्यावर होतं. साहेबांनी स्वतः ठेवलं नाही, कारण आईबाप ठेवत नसतात. मी ठेवू शकत नव्हतो, कारण मी त्यांच्याच खात्यातला, म्हणजे घरचा. आणि बाकीच्यांना वाटायचं, एवढ्या मोठ्या माणसाचं बारसं आपण काय करणार, कुणीतरी करेलच.

साहेबांची निवृत्ती जवळ आली तेव्हाच मुख्य ऑफिसचं फर्मान आलं. जुनं इंट्रानेट बंद होणार, सगळं नव्या यंत्रणेत जाणार. ज्या ब्लॉगला रीतसर नाव आहे तेवढेच तिकडं नेणार. बिननावाचे शुक्रवारी संध्याकाळी पुसले जाणार.

मी फर्मान घेऊन म्हैसमाळात शिरलो.

“साहेब, तुमचं जाईल हो सगळं! काहीही ठेवा. दोन शब्द.”

“मी ठेवत नसतो.”

“मग कुणाला तरी आत्या म्हणून बोलवा.”

“पुणेकर, बाकीच्यांचे ब्लॉग त्यांच्या खात्याचे आहेत. हा माझा नाही, हा मीच आहे. पाळण्यातल्या पोरानं स्वतःच्या बारशाचं आवतण देत फिरायचं असतं का?”

“मग पुसतील ना ते!”

“जाऊ द्या त्याला.”

साहेब काहीही पुसायचं असलं की हेच म्हणायचे. एखादी जुनी फाइल असो, भंगारातला प्रिंटर असो, ‘जाऊ द्या त्याला’. नेहमीच्याच आवाजात म्हणाले. पण मी बाहेर येताना पाहिलं तर स्वेटर खुंटीला होता. त्या थंडीत ते नुसत्या शर्टावर बसले होते आणि त्यांना ते कळलेलं नव्हतं.

मी मिशीला पीळ भरला आणि आत्या शोधायला निघालो. सर्जेरावाकडं गेलो.

“मी केलं असतं वो. साहेबासाठी काय बी. पर मला हाय की एक भाचरू. नेम त्येंचाच हाय, आपुन मोडला तर त्येच नाव लावून घ्यायचे नाय.”

खरंच होतं. पेंटशॉपला गेलो, डिस्पॅचला गेलो. ज्याला विचारावं तो आधीच कुणाची तरी आत्या. उपाध्यक्षांना पुण्याला फोन लावला, तर तेही अभिमानानं म्हणाले, “मला आहे ना भाचरू!” ज्यांना भाचरू नव्हतं, ते ‘साहेबांचं बारसं आम्ही कसलं करणार’ म्हणत कानाला हात लावायचे; एवढ्या मोठ्या कंपनीत आत्या संपल्या होत्या. भाचरू नसलेला आणि तयार असलेला एकच धडधाकट इसम शिल्लक होता, आणि तो आमच्या खात्यात असल्यामुळं बाद होता.

तेव्हा मी आयुष्यातला सगळ्यात हुशार, म्हणजे सगळ्यात मूर्ख, निर्णय घेतला. एचआरच्या बाईंकडं गेलो आणि बदली मागितली.

“कुठं?”

“कुठंही. आजच्या आज जिथं जागा असेल तिथं.”

“आजच्या आज फक्त कॅन्टीनमध्ये जागा आहे. अहो, लोक कॅन्टीनमधून ऑफिसात यायला धडपडतात! कारण काय लिहू?”

“कौटुंबिक.”

पाशाभाई कॅन्टीनचे सर्वेसर्वा. त्यांनी माझा बदलीचा कागद उन्हात धरून वाचला, मग मला वाचलं. “पुना जाको इत्ता पढे, और आखिर को किदर आए? मेरे कने! चलो मियाँ, एप्रन बांधो. दस की चाय तुम बाटो.”

मी एप्रन बांधला. तो माझ्या पोटावर एखाद्या रुमालासारखा दिसत होता. किटली उचलली आणि पहिलाच चहा कप सोडून बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून अकाउंट्सच्या एका माणसाच्या मांडीवर ओतला. “उस्ताद,” पाशाभाई म्हणाले, “कप को मुंह ऊपर कू रहता.” मी किटली सावरत होतो, आणि डोक्यात नाव घोळवत होतो. मी एक जबरदस्त नाव शोधून ठेवलं होतं बरं का. ‘अक्षरप्रभात’. माझे डोळे भरून आले होते ते नाव सुचलं तेव्हा.

तेवढ्यात चहाची गर्दी सुरू झाली. मी काउंटरच्या ह्या बाजूला कधी उभा राहिलेलो नव्हतो. इथून लोक येताना दिसत होते, आणि ते येतानाच हसत होते. पेंटशॉपची दोघं जण कप घेता घेता बोलत होती.

“चहाच्या आधीचं वाचलं का?”

“कावळ्याचं ना? वाचलं की!”

मागून डिस्पॅचचा एक जण, “काय रे, आज चहाच्या आधी काय आलंय?” क्वालिटीच्या एक बाई कप न घेताच परत वळल्या, “थांबा, मी चहाच्या आधीचं वाचायचं विसरले.” मी किटली हातात धरून तसाच उभा. ‘अक्षरप्रभात’ कुणाच्याही तोंडात नव्हतं. मुळात ते माझ्याही तोंडातून सरळ निघत नव्हतं. साहेबांनी मला इतकी वर्षं जे शिकवलं, ते कळायला मला कॉम्प्युटर खात्यातून हाकलून घेऊन एप्रन बांधावा लागला.

“मियाँ, कप भर गया,” पाशाभाई म्हणाले. भरून तो सांडतही होता. अकाउंट्सच्या त्याच माणसावर.

शुक्रवारी सकाळी आम्ही पाळणा बांधला. पाशाभाईंनी घुगऱ्या केल्या, आणि टाइलचा राग न धरता वर खोबरंही पेरलं. साहेबांना सांगितलं की मीटिंग रूममधला प्रोजेक्टर बंद पडलाय. ते स्वेटर घालून, चष्म्यावर वाफ घेऊन आले, आणि नेहमीप्रमाणं समोर कोण आहे हे न बघताच म्हणाले, “काय झालंय प्रोजेक्टरला?”

वाफ ओसरली. समोर खोकं टांगलेलं, त्यात दुपट्यावर त्यांचाच लॅपटॉप, आणि दारापर्यंत माणसं.

“हे कुणाचं बारसं?”

“तुमचं वो,” सर्जेराव म्हणाला.

“आत्या कोण?”

मी एप्रनसकट पुढं झालो.

“तू चालत नाहीस. तू घरचा.”

“मी कॅन्टीनचा आहे, साहेब.” मी बदलीचा कागद पुढं केला. त्यांनी तो सगळा वाचला, शिक्कासुद्धा पाहिला. मग कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. “म्हणजे परका. चालतंय.”

मी वाकलो. वाकलो म्हणजे, माझ्या देहाचा जो भाग वाकू शकतो तो वाकवला. स्पीकरच्या भोकाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. आणि मग पाठीवर जे काही पडलं, त्याचं वर्णन करायला भूकंपमापन खात्याचाच माणूस पाहिजे. प्रेसशॉप, पेंटशॉप, डिस्पॅच, सगळे आपापले हिशोब चुकते करून गेले. अकाउंट्सचा तो माणूस तर रांगेत परत उभा राहिला. मी खोक्याला धरून लोंबकळत होतो, आणि तशा अवस्थेत मला पाळण्यातल्या लॅपटॉपचा स्क्रीन दिसत होता.

साहेब किबोर्डवर हात ठेवून थांबले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खरं तर वाफ केव्हाच गेली होती.

“तुला सुचलेलं नाही हे,” ते म्हणाले.

“नाही साहेब. मला ‘अक्षरप्रभात’ सुचलं होतं.”

“वाटलंच.” मग सगळ्यांकडं बघून, “तुम्ही खरंच असं म्हणता?”

“व्हय की. रोजच म्हणतो,” सर्जेराव म्हणाला. “तुम्हाला ठावं नव्हतं?”

साहेबांना माहीत नव्हतं. कसं असणार! ते आईबाप होते. त्यांनी हळूहळू, एका बोटानं, जणू कॉम्प्युटर आजच घेतलाय अशा रीतीनं टाइप केलं, ‘चहाच्या आधी’. संध्याकाळी बाकीच्यांबरोबर तो ब्लॉगही नव्या यंत्रणेत गेला, कावळ्याच्या घरट्यासकट.

त्या महिन्याच्या अखेरीला साहेब निवृत्त झाले. आत्याची जबाबदारी बारशाला संपत नाही हे मी वर सांगितलंच आहे. तेव्हा आता ‘चहाच्या आधी’ मी लिहितो, आणि साहेबांची आत्या म्हणून सगळ्यांच्या तोंडी माझं नावच ‘आत्या’ झालं. आणि बदलीचा कागद साहेबांच्या खिशातून गारखेड्याला गेला तो गेलाच, त्यामुळं एचआरच्या नोंदीत मी आजही कॅन्टीनचा आहे. दर सोमवारी पाशाभाई मला किटली देऊन माझ्या पदवीची आठवण करून देतात.

एक अडचण मात्र राहिली. इंट्रानेट बाहेरून दिसत नाही. म्हणून रोज दहाच्या सुमारास गारखेड्याहून फोन येतो. ‘हॅलो’ नाही, काही नाही. “वाच.” मी वाचतो. ते ऐकतात. कधी म्हणतात, “शेवटची ओळ काढ.” कधी म्हणतात, “कावळा कसा आहे?” आणि ठेवून देतात.

आज मी त्यांच्यावरच हे सगळं लिहिलं, आणि पहिल्या ओळीपासून फोनवर वाचून दाखवलं. मिशी, साबण, उपाध्यक्षांची मान, सगळं. पलीकडून एकदाही आवाज आला नाही. वाचून संपल्यावरही नाही. मी म्हटलं, “साहेब? आहात ना?”

मग घसा खाकरल्यासारखं काहीतरी झालं आणि ते म्हणाले, “लांबलंय.”

मी कोणती ओळ काढू विचारणार, तेवढ्यात पलीकडं फोनची ओढाताण झाली आणि काकूंचा आवाज आला, “अहो आत्या, उद्यापासून थोडं लिहा! तुमचं ऐकल्याशिवाय हे कपाला हात लावत नाहीत, आणि आज मी दोनदा गरम केलाय.”